पाचव्या खंडाची ओटी

कपाटात जागा आठांची होती आणि पुस्तकं सातच होती. पाचव्याच्या जागी विमलाबाईंनी कधी काही ठेवलं नाही, ना तांब्या, ना औषधाची बाटली. पडलेल्या दातासारखी ती फट तशीच राहिली.

निळ्या कातड्याच्या बांधणीचे ते खंड. कुणा एका जुन्या इंग्रज कवीची जन्मभराची कविता त्यांत होती. आणि त्यांच्या पाठींवर होती सोनेरी द्राक्षवेल. पहिल्या खंडावर ती मुळातून निघायची आणि एकेक पाठ ओलांडत आठव्यापर्यंत चढायची. पाचव्यावर तिचा सगळ्यांत भरलेला घड होता. तोच नव्हता.

त्यांचे यजमान निवृत्तीराव देवळाली कॅम्पातल्या एका कचेरीत कारकून. तिथली एक म्हातारी मडम बंगला आवरून विलायतेला निघाली. तिच्या सामानाच्या लिलावात खुर्च्या गेल्या, आरसे गेले. पुस्तकांना कुणी हात लावला नाही. निवृत्तीरावांनी ती पोत्यात भरून टांग्यात घातली. टांगेवाला म्हणाला, "रावसाहेब, विटाच न्यायच्या होत्या तर नाशकात भट्ट्या काय कमी हायेत?"

विमलाबाई कन्याशाळेत इंग्रजी शिकवायच्या. संध्याकाळी भाकरी थापून झाल्या की निवृत्तीराव म्हणायचे, "वाचा बाई." त्या वाचायच्या. ते डोळे मिटून ऐकायचे. अर्थ सांगताना विमलाबाईंच्या तोंडी आपसूक आईची जात्यावरची चाल यायची, आणि तो परमुलखातला कवी जणू निफाडच्या एखाद्या ओसरीवर येऊन बसायचा.

मग बहात्तर साल आलं. एका रविवारी निवृत्तीरावांनी पाचवा खंड पिशवीत घातला.

"कुठं निघाली स्वारी?"

"येवल्याला, सावळीराम विणकराकडं. हा घड तुझ्या पैठणीच्या पदरावर उतरवून घेतो."

"संच फोडलात? त्याला कागदावर काढून द्या की."

"कागदावर सोनं कुठून आणू? साडीबरोबर येईल परत."

"आणि नाही आला तर?"

"तर तू जा आणायला. भांडायला तुला एक घर मिळेल."

विमलाबाई दोन दिवस अबोला धरून बसल्या. तेवढ्यापुरता राग, पण पुढं तोच सलत राहिला. कारण दसऱ्याच्या आधीच निवृत्तीराव कचेरीत खुर्चीवर बसल्या जागी गेले. त्यानंतर विमलाबाईंनी ना साडीचं नाव काढलं, ना खंडाचं. स्टँडवर येवल्याची गाडी लागलेली दिसली की त्या मान फिरवून उभ्या राहायच्या.

अकरा वर्षं अशी गेली. शाळा सुटली, केस पिकले. लेक नागपूरला, ती म्हणाली, "आई, आता एकटी राहू नकोस." लेकीच्या दोन खोल्यांत कपाट मावणार नव्हतं. विमलाबाईंनी खंड आपल्या शाळेला द्यायचे ठरवले. तिथल्या लताबाई हरखून गेल्या.

"काचेच्या कपाटात लावू, बाई. संच पुरा आहे ना?"

"पुरा आहे," विमलाबाई बोलून गेल्या.

घरी येऊन त्या कपाटासमोर बसल्या. त्या माणसानं सगळी वेल घरी आणली होती. ती तुटकी ठेवून गाव कसं सोडायचं? दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी येवल्याची गाडी धरली.

निफाडच्या शिवारात द्राक्षांचे मांडव लागले होते. पूर्वी इथं नुसती रानं असायची. विंचूर आलं तसा कांद्याचा वास खिडकीतून आत शिरला. विमलाबाईंच्या मनात एकच होतं. अकरा वर्षांत खंड रद्दीत गेला असेल, उंदरांनी खाल्ला असेल. काय तोंडानं मागायचा?

सावळीराम मागावर होता. बाईंना त्यानं ओळखलं नाही. नाव सांगितलं तसा हातातली कांडी खाली ठेवून उठला.

"चांगुणा, अगं बघ कोण आलंय. नाशिकच्या बाई."

सावळीरामाच्या बायकोनं, चांगुणानं, पाणी आणून दिलं आणि बाईंकडं पाहून म्हणाली, "लय वाट बघायला लावली, बाई. आम्हाला वाटलं, रागं भरल्या."

"भरलेच होते," विमलाबाई म्हणाल्या. "तुमच्यावर नाही."

सावळीरामानं मागाच्या शेजारच्या कोनाड्यातून गाठोडं काढलं. वर जांभळ्या रेशमाचा वीतभर तुकडा, आणि त्यावर जरीचा अर्धा घड. वरचे मणी भरलेले, खाली नुसते मोकळे धागे.

"एवढं विणलं तवा रावसाहेब गेल्याचा निरोप आला. पुढं हात चालंना. हे कापून घेतलं, त्यात पोथी बांधली. दसऱ्याला मागाची पूजा करतो तवा हिलाबी हळदकुंकू लावतो."

त्यानं रेशीम सोडलं. निळ्या कातड्यावर कुंकवाचं बोट उमटलेलं होतं. पाठीवरचं सोनं मात्र आजच चढवल्यासारखं लखलखत होतं.

"काय लिहिलंय हो हिच्यात?" चांगुणानं विचारलं. "आम्ही नुसतंच हात जोडतो."

विमलाबाईंनी एक पान उघडलं. चार ओळी इंग्रजीत वाचल्या. मग थांबल्या आणि जुन्या चालीत म्हणाल्या,

"गेला गं दूर देशी, वाट दारात ठेवून
मी झाडिते अंगण, त्याची पावलं सोडून."

चांगुणा पदराच्या टोकाशी चाळा करत राहिली. "ही तर आपल्यातलीच हाय की कोण बाई," ती म्हणाली.

"लिहिणारा बाप्या होता."

"मग त्याला कुण्या बाईनं सांगितलं असणार."

विमलाबाई कितीतरी दिवसांनी मोकळ्या हसल्या.

निघायची वेळ झाली. चांगुणा आतून सूप घेऊन आली. तांदूळ, नारळ, हळकुंड, सुपारी. विमलाबाई गडबडून मागं सरल्या.

"माझी नको, वहिनी. मला चालत नाही."

"ठाऊक हाय मला. रीत आडवी येती." चांगुणा जरा थांबली. "पण ही आमच्या घरी राहिलेली लेक. हिला मोकळी कशी धाडू? तुम्ही बसा. हिला मांडीवर घ्या."

विमलाबाई पाटावर बसल्या. खंड मांडीवर, त्याखाली त्यांचाच पदर पसरलेला. चांगुणानं पुस्तकाला कुंकू लावलं आणि ओंजळीनं ओटी भरली. तांदूळ निळ्या कातड्यावर पडले, तिथून घरंगळून बाईंच्या पदरात आले. किती वर्षांनी पदर जड झाला. सावळीराम मागाचे धागे बघत उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी लताबाई हातगाडी घेऊन आल्या. आठही खंड कपाटात उभे होते. सात पाठींवरचं सोनं उन्हानं फिकं पडलेलं. फिकी वेल चढत यायची, पाचव्यावर एकदम उजळायची आणि पुढं पुन्हा फिकी होत जायची.

"हा असा वेगळाच कसा दिसतो?" लताबाई म्हणाल्या. "आणि हा डाग... ओल्या फडक्यानं निघेल."

"राहू द्या," विमलाबाई म्हणाल्या. "तो माहेराहून आलाय."

हातगाडी वळणाआड गेली. रेशमाचा तुकडा त्यांनी ट्रंकेत सगळ्यांत वर ठेवला. मग चूल पेटवली. ओटीचे तांदूळ ज्याच्या ओटीत पडले त्यानंच शिजवून खायचे असतात, दुसऱ्याला द्यायचे नसतात. पुस्तक काही जेवणार नव्हतं. विमलाबाईंनी तांदूळ शिजवले, त्यात नारळ खवून घातला, गूळ घातला, आणि रिकाम्या कपाटाकडं तोंड करून सावकाश, चवीनं खीर खाल्ली.