लॉकचं कारण

“सर, तुमचं ते लॉक तिथे का आहे, तेवढं सांगा. मग मी गप्प बसते,” ती म्हणाली.

बैठकीच्या खोलीत आम्ही तिघेच होतो, ती, मी आणि मॅनेजर. तिचं कंत्राट वाढवायचं की नाही, ते आज ठरायचं होतं.

बारा वर्षांपूर्वी आमच्या प्रोग्राममध्ये ते लॉक मी घातलं. आमच्या एकेका सर्व्हरवर शेकडो व्हर्च्युअल मशीन, म्हणजे एकाच यंत्राच्या पोटात वेगवेगळे आभासी संगणक, चालतात. कुठल्याही मशीनला मेमरी हवी असली की आधी माझं लॉक मिळवायचं, तोवर बाकीच्यांनी रांगेत ताटकळायचं. घरात दहा कपाटं आणि किल्ली एकच, असला कारभार. तिने मेमरीचे भाग पाडून प्रत्येकाला वेगळं लॉक दिलं, आणि चाचणीत रांग जवळजवळ संपली. मुलांपायी सहा वर्षं घरी राहून परत आलेली बाई, पण काम एकदम चोख.

ते मी आठ महिने अडवलं. “त्या लॉकमागे कारण आहे, पुन्हा तपासा,” एवढंच म्हणायचो. ती मुकाट्याने पुन्हा तपासायची. ऑफिसात मला सगळे गुरुजी म्हणतात. झाकली मूठ सव्वा लाखाची.

“गुरुजींचं समाधान होत नाही, म्हणजे कुठेतरी चुकतंय,” मॅनेजर तिला म्हणाला. “आम्ही तरी किती थांबायचं?”

ती मान खाली घालून बसली. मला माझीच लाज वाटली.

“कारण नाहीये,” मी म्हणालो. “तेव्हा सर्व्हर सारखा बंद पडायचा. का, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. घाबरून सगळ्याला मिळून एकच लॉक लावलं. बंद पडणं थांबलं. कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. यांचं काम पहिल्या दिवसापासून बरोबर आहे.”

मॅनेजरने समोरचे कागद पुढे ओढले. मग त्याने तिच्या कंत्राटावर सही केली.

ती चिडली असती तर बरं झालं असतं.

“मग मी आठ महिने काय शोधत होते?” तिने विचारलं, खरंच उत्तर हवं असल्यासारखं.

तिने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. बदलाच्या नोंदीत, जुन्या लॉकच्या कारणाचा रकाना रिकामा होता.

“हे तुम्ही भरा, सर.”

मी लिहिलं, ‘मला कळलं नव्हतं.’ खाली माझं पूर्ण नाव घातलं. तिने ते एकदा वाचलं, सेव्ह केलं आणि चाचणी लावायला निघून गेली.