नववी टाकी

लाल पेन्सिलीचं टोक तक्त्यावरून एकेक ओळ खाली येत होतं. आठव्या ओळीनंतर ते थांबलं, वर गेलं आणि पुन्हा खाली आलं.

"आठनंतर एकदम दहा?" काकांनी विचारलं.

समोर बसलेली संशोधक मुलगी खिडकीबाहेर पाहू लागली. काकांनी लगेच चष्मा पुसायला घेतला. छापखान्यात पस्तीस वर्षं मुद्रितं तपासून ते निवृत्त झाले होते. आता शास्त्रज्ञांचे लेख नियतकालिकांकडे जाण्याआधी ते त्यांचं इंग्रजी नीट करून देत. संशोधन संस्थेतली पोरं त्यांना पाठीमागे 'स्वल्पविरामकाका' म्हणत. ते त्यांच्या कानावर आलं होतं आणि त्यात फारसं खोटं आहे असं त्यांना वाटलं नव्हतं.

"माझीच मोजण्यात चूक असेल," ते म्हणाले.

"नाही काका. नववी टाकी मीच काढून टाकली."

लेख गढूळ पाणी स्वच्छ करणाऱ्या शिंपल्यांवर होता. दहा टाक्या, दीड वर्षाच्या नोंदी. दोन नियतकालिकांनी तो परत पाठवला होता. भाषा कच्ची आहे, नवीन काही नाही, असं दोघांनीही कळवलं होतं. वर्षअखेरपर्यंत लेख स्वीकारला गेला नाही तर टाक्यांची खोली दुसऱ्या गटाला मिळणार होती. त्या गटाची माणसं येऊन खोलीची मापंसुद्धा घेऊन गेली होती.

"फुटली का गं टाकी?" काकूंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

"फुटली नाही काकू. पंप बंद पडला. सुट्टी होती, चार दिवस कुणाला पत्ताच नाही."

"मग मेले असतील बिचारे."

"मलाही तसंच वाटलं. टाकी धुवायची म्हणून बादली घेऊनच गेले. बघते तर सगळे घट्ट मिटून बसलेले, पण जिवंत." आता तिचे हात बोलायला लागले होते. "पंप लावला, गढूळ पाणी सोडलं. बाकीच्या टाक्यांना अख्खा दिवस लागतो. यांनी दुपारच्या आत तळ दाखवला. म्हटलं, योगायोग असेल. मग मुद्दाम पंप बंद ठेवून पाहिलं. तीनदा. तिन्ही वेळा तेच."

"मग हे लेखात का नाही?"

"लिहिताच येईना." ती नखांकडे पाहत म्हणाली. "खरं सांगू? बाकीच्या टाक्या मी लोकांचे लेख समोर ठेवून लिहिल्यात. वाक्यांची ठेवण त्यांची, आकडे माझे. या टाकीसाठी बघून लिहायला काही मिळेना. महिनाभर शोधलं. असं कुणी लिहिलेलंच नाही."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला.

"कुणीच नाही?" काकांनी हळूच विचारलं.

"नाही ना. एकानंही..." ती म्हणाली आणि तिथंच अडली. तिनं तक्ता स्वतःकडे ओढला. आठ आणि दहा यांच्या मधल्या रेघेवर बोट ठेवलं.

"आत्ता हिला सांगितलंत ना, तसंच लिहा," काका म्हणाले. "लहान लहान वाक्यं. सुंदर करायला जाऊ नका. ते माझ्याकडे राहू द्या."

आठवड्यानं तिनं चार पानं आणून दिली. पंप बंद पडला. मला वाटलं, शिंपले मेले. मी बादली आणली. अशी ती उघडीबोडकी पानं. काकांनी एक वाक्य वेगळ्या कागदावर सुधारून पाहिलं. वाक्य सुरेख झालं, पण त्यातली बादली गेली. दुसरं सुधारलं, तर टाकीच लांब गेल्यासारखी वाटली. शेवटी चार किरकोळ जागा दुरुस्त करून त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. बाकीच्या टाक्यांवर मात्र त्यांनी तीन आठवडे घालवले. ती अकरा पानं इतकी घोटीव झाली, की त्यांनी ती काकूंना वाचून दाखवली आणि मराठीत समजावूनही सांगितली.

"छान आहे," काकू म्हणाल्या. "पण ती बादली कधी येते?"

लेख गेला. त्यानंतरचे चार महिने काकांना एकच घोर लागला होता.

"ती पानं मी तशीच जाऊ दिली," ते अधूनमधून म्हणत. "कामचुकारपणा झाला. माझ्यापायी पोरीची खोली जाईल."

"तशीच जाऊ दिलीत तेच बरं केलंत."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"टाकी कळली ना," काकू म्हणत.

एका दुपारी बेल दोनदा वाजली. मुलगी तीन जिने धावत चढून आली होती. दारातच कठड्याला धरून तिनं आधी श्वास घेतला.

"घेतला, काका. लेख घेतला."

काकांनी हात पुढं केला, पण तिनं पत्र दिलं नाही. ते तिला स्वतःच वाचून दाखवायचं होतं. पहिल्या परीक्षकानं लिहिलं होतं, हे आजवर कुणी पाहिलेलं नाही. नववी टाकी सर्वांत आधी यावी, शीर्षकातसुद्धा यावी. दुसऱ्यानं लिहिलं होतं, हा भाग अगदी स्वच्छ लिहिला आहे. बादलीचं वाक्य कृपया काढू नये.

"आणि खोली?" काकूंनी विचारलं.

"राहिली. विभागप्रमुखांनी स्वतः दारावर माझी पाटी लावली. वाकडी लावलीय, पण लावलीय."

काकूंनी तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. काका चष्मा पुसू लागले, या वेळी बराच वेळ.

"एक अजून आहे," मुलगी आवाज खाली आणून म्हणाली. "बाकीच्या टाक्या एका पानात बसवायला सांगितल्यात. तुमची अकरा पानं, काका."

काकांनी पत्र हातात घेऊन ती ओळ दोनदा वाचली.

"द्या इकडे ती पानं," ते म्हणाले.

मुलगी गेल्यावर त्यांनी लाल पेन्सिलीला टोक केलं. पहिलं पान संपलं, दुसरं संपलं. आत काकूंना वाटलं, रेडिओ चालू राहिला. त्या बाहेर आल्या, तर काका शीळ घालत होते.

"कुणाचं एवढं खोडताय?"

"माझं," काका म्हणाले आणि त्यांनी पान उलटलं.