डिकीतलं वजन

आमच्या नीलेशला अक्कल नाही, हे तो चालायला लागला तेव्हाच माझ्या लक्षात आलं होतं, पण आईचं मन लवकर आशा सोडत नाही. आता तो दोन पोरांचा बाप झाला. आम्ही भंडाऱ्याला राहतो, तिथे बसस्टँडजवळ त्याचं मोबाइलचं दुकान आहे, आणि वर्षभरापासून तो जुन्या गाड्यांच्या कुठल्याशा क्लबात गेला आहे. त्या क्लबातले बाप्ये एकसारखे टी-शर्ट घालून रविवारी एकमेकांच्या गाड्यांचे फोटो काढतात आणि त्याला छंद म्हणतात.

नीलेशने क्लबात जाताना सोबत नेली ती आमची ॲम्बेसेडर. ह्यांनी, म्हणजे नीलेशच्या वडिलांनी, ती घेतली होती ती मिरवायला नाही, कापडाच्या गाठी वाहायला. आम्ही मूळचे विणकर, मोहाडीला आमचं कापडाचं दुकान. डिकीत गाठी, मागच्या सीटवर गाठी, उरलेल्या टपावर. मागच्या चाकांवर लोखंडी पाटे असतात, एकावर एक रचलेले, कमानीसारखे वाकलेले. ओझं वाहून वाहून त्यांचा वाक गेला आणि गाडी मागून बसली. हे गेल्यावर गाठी कमी झाल्या, पण गाडी काही उठली नाही.

ते माझ्या पथ्यावरच पडलं. दोन वर्षांपूर्वी मी मोरीत पडले आणि माझा डावा पाय कामातून गेला. गुडघा वाकत नाही, पाऊल वितभरही वर उचलत नाही. ऑटोत मला बसता येत नाही, एसटीचं तर नावच नको. पण ॲम्बेसेडरचं मागचं दार उघडून सीटकडे पाठ केली की सीट बरोबर माझ्या बुडाशी यायची. मी चणीने बुटकी, गाडी बसकी, आमचं छान जमायचं. टेकायचं, मागे सरकायचं, पाय हाताने ओढून सीटवर आडवा पसरायचा. पुढच्या सीटवर तो पसरता येत नाही, म्हणून मागची अख्खी सीट माझी.

पडले तेव्हा नीलेशने सगळ्यांसमोर फर्मान काढलं होतं. "आई, जोवर तू आपल्या आपण गाडीत बसशीन, तोवर बाजाराच्या दिवशी मोहाडीले जा. ज्या दिवशी तुले उचलून बसवा लागलं, त्या दिवशी दुकानाले कुलूप." दुकानाच्या जागेवर त्याचा डोळा होता, तिथेही त्याला मोबाइल मांडायचे होते. मी हो म्हटलं. घरात मी म्हणजे गोळी घेतली का, चष्मा सापडला का. दुकानाच्या गादीवर मी सुमित्राबाई असते. बाया माझ्यासमोर लुगड्याचा काठ धरून विचारतात, हा रंग टिकते का. त्या एका दिवसासाठी मी बाकीचे सहा दिवस काढते.

आणि ह्या शहाण्याने गाडी वर उचलायचं ठरवलं.

नागपूरला त्यांची रॅली होती. क्लबाचे अध्यक्ष भय्याजी घरी आले होते. पोट आधी आत आलं, मागून ते. त्यांनी मला उगीचच 'आईसाहेब' म्हटलं, गाडीभोवती फिरले आणि मान हलवली. "नीलेश, गाडी मागून झुकून राहिली. क्लासिक गाडीची लाइन सरळ पायजे." झालं. त्या दिवसापासून आमच्या घरात पाट्यांशिवाय विषय नाही. जुने पाटे भट्टीत तापवून पुन्हा वाकवायचे, की कंपनीच्या मापाचे नवे टाकायचे, की आहेत त्यांत एक वाढवायचा? धक्के झेलणारे शॉकअप साधे तेलाचे घ्यायचे की गॅसचे? नीलेश जेवताना मोबाइलवर व्हिडिओ बघायचा आणि अमेरिकेतल्या कोण्या टकल्याचं मत आम्हाला वरणभातासोबत वाढायचा.

मी एकदाच बोलले. "नीलेश, आधी मले बसवून पाह्य, मग काय ते टाक."

"आई, हे टेक्निकल आहे," तो म्हणाला.

टेक्निकल माणसं तीन होती. नीलेश, भय्याजी आणि मिस्त्री सेवकराम. सेवकरामची सगळी उमर चिखल्याच्या खाणीकडे जाणाऱ्या जीपा दुरुस्त करण्यात गेली. त्याच्या लेखी गाडी म्हणजे ओझं. कोणी काही म्हटलं की तो "होऊन जाते न भाऊ" म्हणतो, आणि दोघांनी उलटसुलट म्हटलं तरी दोघांनाही तेच म्हणतो. त्याला फक्त एवढं कळत होतं की पाटा जितका जास्त तितका चांगला.

मग त्यांनी माप घेतलं. कसं घेतलं ते सांगते, कारण असं माप फक्त आमच्याच खानदानात घेतलं जाईल. गाडीची खरी उंची कोणती, यावर तिघांचा खल झाला तेव्हा नीलेशला बाप आठवला. "बाबा नेहमी म्हणत, गाडी भरल्यावर पाह्यची." घरामागच्या गोदामातून गाठी आणून डिकीत कोंबल्या, आणि त्या भरल्या डिकीवर गाडी पुढूनमागून सरळ येईल असे पाटे निवडले. जास्तीचा एक जाड पाटा जीपचा घातला, वर गॅसचे शॉकअप. सरळ आली. टाळ्या वाजल्या. फोटो निघाले. मग गाठी उतरवल्या, आणि गाडी मागून अशी वर गेली की दाणे टिपणारी कोंबडी बरी दिसेल. बापाला बिचाऱ्याला गाठी वाहायच्या होत्या, म्हणून तो भरल्या गाडीचं बघायचा. ह्याला डिकीत हवा घेऊन नागपूरला जायचं होतं.

"मागून उंच, याले रेक म्हणतात," भय्याजी म्हणाले. "स्पोर्टी लुक."

सगळं मुद्दाम केलं असेल, अशी शंका मला आली होती, खोटं कशाला बोलू. मला बसता येऊ नये, दुकानाला कुलूप लागावं, म्हणून. पण एवढा कावा करण्याइतकं डोकं नीलेशला असतं तर मला आनंदच झाला असता. तो खरोखरच खूश होता.

बाजाराच्या दिवशी सकाळी मी दाराशी जाऊन सीटकडे पाठ केली. सीट माझ्या कमरेला लागली. टाच उचलून पाहिली, रेटून पाहिलं. शेजारची कुंताबाई गॅलरीतून पाहत होती. नीलेशने प्लास्टिकचं स्टूल आणलं. स्टुलावर चढायला पाऊल उचलावं लागतं, आणि माझं पाऊल उचललं जात असतं तर हे सगळं रामायण झालंच नसतं, हे त्याला कोण सांगणार?

"राहू दे, मी उचलतो न तुले," तो म्हणाला आणि हात पुढे केले. मग त्यालाच आपलं फर्मान आठवलं. चेहरा उजळला. "पण मंग दुकानाचं आपलं ठरलंच आहे, आई."

मी म्हटलं, "हात नको लावू. गाठी आण."

सून स्वाती लगेच गोदामाकडे गेली. ह्या घरात एक तीच काय ती कामाची. त्याच गाठी डिकीत पडल्या, गाडी करकरत खाली आली, आणि मी टेकले, सरकले, पाय ओढून घेतला. "पाह्यलं?" नीलेश भय्याजींना म्हणाला, "आता कशी लेव्हलमध्ये आली!" भय्याजी नव्या शॉकअपची चव घ्यायला सोबत निघाले होते. स्वाती गाडी चालवत होती, ते दोघे पुढेच तिच्या शेजारी. मोहाडीपर्यंत प्रत्येक खड्डा माझ्या मणक्यात मोजला गेला आणि भय्याजी पुढून विचारत होते, "स्मूद आहे न, आईसाहेब?"

माझा बेत सरळ होता. डिकीतल्या गाठी तशाच ठेवायच्या, दुकानातलाच माल विकायचा, संध्याकाळी त्याच वजनावर बसून परत यायचं.

दुपारी लग्नाचा बस्ता बांधायला माणसं आली. एकाच मांडवात दोघा भावांची लग्नं, अख्ख्या भावकीचा आहेर. लुगडी, धोतरं, शेले, टॉवेल. दुकानातलं संपलं तरी त्यांची यादी संपेना. त्यांच्यातली म्हातारी म्हणाली, "सुमित्राबाई, आणखी नाई का? मंग भंडाऱ्याले जाऊ." नीलेश दाराशी उभा होता. डिकीतल्या गाठी विकल्या तर मला गाडीत बसता येणार नाही, हे त्यालाही कळलं होतं. तो गालातल्या गालात हसत होता.

नाही म्हणायचं? आलेला बस्ता परत पाठवायचा, तोही स्वतःच्या बुडाच्या सोयीसाठी? ह्यांच्या गादीवर बसून मला ते झालं नाही. "स्वाती, डिकीतल्या गाठी सोड," मी म्हटलं. दोन्ही लग्नांचा बस्ता माझ्याच हाताने बांधून दिला. असा दिवस दुकानाने कैक वर्षांत पाहिला नव्हता.

बाजार उठायच्या वेळी मी रिकाम्या गाडीशी आले. गाडी पुन्हा ढुंगण वर करून उभी. भाजीवाल्या बाया पाहत होत्या. नीलेश हात पुसत पुढे आला. "चाल आई, आता तं उचलाच लागते. दुकानाची चावी दे."

"डिकीत बस," मी म्हटलं.

"काय?"

"गाठी गेल्या. वजन पायजे. तू बस, भय्याजीलेबी बसव. गाडी तुम्हीच वर केली न?"

भय्याजी म्हणाले, "आईसाहेब, असं कसं..." स्वातीने डिकीचं झाकण उघडून धरलं आणि नवऱ्याला एवढंच म्हणाली, "बसा न जी. लोक पाहून राहिले." लोक खरंच जमले होते. एक बाई खो-खो हसली, बाकीच्यांनी साथ धरली. नीलेश आत शिरला. अध्यक्ष पोट सांभाळत त्याच्या शेजारी शिरले. पाटे करकरले. सीट माझ्या बुडाशी आली.

मी टेकले, सरकले, पाय ओढून घेतला. कोणी हात लावला नाही.

"बसली का?" डिकीतून आवाज आला.

"बसली," मी म्हटलं. मग चावी कमरेला नीट खोचली, पदर सारखा केला, आणि तोवर त्यांना उतरा म्हटलं नाही.

दोघे उतरले तशी गाडी मला घेऊन वर उठली. परतीच्या वाटेवर स्मूद वगैरे कोणी काढलं नाही. नीलेश पुढूनच म्हणाला, "मी उचललं असतं तं काय बिघडलं असतं, आई?"

"तुझं काई नसतं बिघडलं," मी म्हटलं.

भंडारा जवळ आलं तेव्हा तो हळूच म्हणाला, "उद्या सेवकरामकडे तूबी चाल. तुले बसवतो, मंग मापतो."

मी हो म्हटलं नाही. पुढच्या बाजाराला कोणता माल न्यायचा, ते स्वातीला सांगत बसले.