हाताला येईल असा खिळा

दचकू नका. ओट्याशेजारच्या भिंतीवर जो खिळा दिसतोय ना, त्यावरून मीच बोलतेय. मी या घरची सांडशी. काही घरांत मला पकड म्हणतात, काही घरांत चिमटा म्हणून माझी बोळवण होते. नाव काहीही ठेवा, गरम पातेलं उतरवायची वेळ आली की सगळे मलाच शोधतात, आणि तेही ऐनवेळी. "कुठे गेली मेली?" हे वाक्य माझ्याइतकं कुणाच्याच वाट्याला आलं नसेल.

माझा जन्म पत्र्याच्या एका कारखान्यात झाला. माझे दोन भाग आधी वेगवेगळ्या ढिगांत पडले होते, एकमेकांची ओळखही नव्हती. तिथल्या एका बाईने भोकावर भोक ठेवलं, मधून रिव्हेट घातली आणि यंत्राचा असा घाव घातला की आम्ही जन्माचे जोडले गेलो. माझा सगळा जीव त्या रिव्हेटमध्ये आहे. ती घट्ट तर मी घट्ट.

दुकानात मला निवडलं ते आईने. आई म्हणजे या घरची बाई. सगळे तिला आईच म्हणतात, म्हणून मीही. तेव्हा ती कुणाची आई नव्हती, नवा संसार मांडायला निघालेली सडपातळ मुलगी होती. तिने मला हवेत दोन-चारदा उघडून मिटून पाहिलं, मग दुकानदाराचं पाण्याने भरलेलं भांडं काठाला धरून त्याच्या वहीवरून अलगद पलीकडे नेलं. थेंब सांडला नाही, पण दुकानदाराचा श्वास मात्र अडकला. "ही द्या," ती म्हणाली. त्या पकडीवरूनच मी ओळखलं की या बाईशी आपलं जमणार.

आणि जमलंच. दूध, भात, सूप, उकडलेले बटाटे, बाळाच्या बाटल्यांचं उकळतं पाणी, सगळं आम्ही दोघींनी मिळून उतरवलं. आईची लेक लहान होती तेव्हा मी तिची मगर होते. ती मला घेऊन बाबांच्या मागे लागायची आणि त्यांचा कान धरायची. बाबांचं चष्म्याचं दुकान होतं. माणूस भला, पण स्वयंपाकघरात अगदीच परका. घरातली कुठलीही वस्तू बिघडली की ते आपला चिमुकला स्क्रूड्रायव्हर आणि अक्रोडाएवढ्या डोक्याची हातोडी घेऊन बसायचे. एकदा त्यांनी माझ्याकडून भिंतीतला खिळा उपटायचा घाट घातला. खिळा निघाला, पण माझी रिव्हेट ढिली झाली. आईने त्यांना चांगलंच फैलावर घेतलं. तेव्हापासून मी जराशी डुलते. आईने आपली पकड माझ्या चालीला जुळवून घेतली आणि आमचं काम चालूच राहिलं.

लेक शिकली, नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली. बाबांनी दुकान विकलं. घरात दोघंच उरली.

मग एके सकाळी आईच्या हातून मी पडले. पडणं मला नवीन नाही. पण त्या दिवशी आई मला उचलायला वाकली आणि तीच फरशीवर बसली. तिचा उजवा हात मांडीवर नुसता पडून होता. तिने बाबांना हाक मारली ती इतक्या शांतपणे की ते आधी चष्मा शोधत राहिले.

आई दवाखान्यातून परतली तेव्हा बोलणं शाबूत होतं, पाय ओढत का होईना चालत होता. उजव्या हाताने मात्र असहकार पुकारला होता. लेक रजा काढून आली. तिने दोघांची सेवा केली ती मनापासून, त्यात मी खोट काढणार नाही. घर लख्ख झालं, औषधांच्या वेळा लागल्या. मला हातात घेऊन तिने हलवून पाहिलं, मी डुलले, आणि दुसऱ्याच दिवशी लाल रबरी मुठींची एक नवीकोरी सांडशी घरात आली. मला कचऱ्यात टाकायला तिचा हात धजावला नाही. मगरीला कसं टाकणार? तिने मला खिडकीवरच्या खिळ्याला अडकवलं. तिथे स्टुलावर चढल्याशिवाय कुणाचा हात पोचत नाही.

वरून सगळं दिसायचं. लेक कपडे वाळत घालत असताना आईने दूध उतरवायला ती लालवाली घेतली, तेही दिसलं. नवी कोरी ती, बिजागरी कडक. आईच्या बोटांना ती मिटवताच येईना. एका बाजूने जेमतेम काठ धरला, पातेलं कलंडलं, आणि ओट्यावरून फरशीपर्यंत दूधच दूध झालं. आईच्या अंगावर थेंब उडाला नाही. पण लेक धावत आली आणि तिचा चेहरा पाहून मलाच कसंतरी झालं. ती पोर घाबरली होती. घाबरलेलं माणूस प्रेमाने काय काय करतं, ते मग मी पाहिलं. सुऱ्या वरच्या फळीवर गेल्या. पातेली वर गेली. आईला ओट्यापाशी यायला बंदी झाली.

दोन दिवसांनी लेकीने विषय काढला. घर भाड्याचंच आहे, सोडून द्यावं आणि दोघांनी तिच्याकडे राहायला यावं. तिथे लिफ्ट आहे, स्वयंपाकाला बाई आहे, आईने काडी हलवायची गरज नाही. बाबा मान डोलवत राहिले. आई मात्र गप्प होती. मी तिला ओळखते. ती बोलत असते तेव्हा मन वळवता येतं. गप्प असली की तिचं ठरलेलं असतं.

"मला काडी हलवायचीय," ती शेवटी म्हणाली. "तीच तर हलवायचीय."

बरीच वादावादी झाली. तुझ्या घरी मी पाहुणी होईन, आणि पाहुणीचा हात बरा होत नाही, तो मांडीवरच राहतो, असं आईचं म्हणणं. उद्या अंगावर उकळतं पाणी पडलं तर मी स्वतःला काय तोंड दाखवू, असं लेकीचं. खोटं कुणाचंच नव्हतं. रजा संपत आली होती. अखेर लेक म्हणाली, "ठीक आहे. जेवणाचा डबा लावून जाते. मी परत येईन तेव्हा भरलेलं पातेलं एकटीने उतरवून दाखव. नाही जमलं, तर कुरकुर न करता सामान बांधायचं."

"ठरलं," आई म्हणाली.

लेकीची गाडी गल्लीच्या टोकाला वळली असेल नसेल, आईने बाबांना स्टूल आणायला सांगितलं. जुनी सांडशी काढा म्हणाली.

"अगं, ती पार ढिली झालीय," बाबा म्हणाले.

"मीही झालेय. काढा."

त्या दिवशी माझी किंमत मला कळली. आईच्या बोटांत जोर नव्हता आणि माझ्या रिव्हेटमध्ये ताठा नव्हता. तिने नुसता तळवा मिटायचा प्रयत्न केला तरी मी मिटायचे, आणि सोडलं की स्वतःच्या वजनाने उघडायचे. जी खोड मी इतकी वर्षं लपवत आले, तीच उपयोगी पडली. हाताचा व्यायाम घ्यायला एक बाई यायच्या. त्यांनी आईला दाबायला मऊ चेंडू दिला होता. तो रोज कपाटाखाली जायचा आणि बाबा रोज पोटावर झोपून काठीने तो काढायचे. आईला चेंडूचा मनस्वी कंटाळा. चेंडू दाबून कुणाचं पोट भरत नाही, असं तिने व्यायामवाल्या बाईंना तोंडावर सांगितलं. त्या हसल्या. त्यांनी मला हातात घेऊन पाहिलं आणि म्हणाल्या, हे तर फारच छान, फक्त थकेपर्यंत करू नका. वर आणखी एक गोष्ट समजावली: मूठ मिटणं लवकर येतं, उघडणं उशिरा. हाताने धरायला शिकण्यापेक्षा सोडायला शिकणं अवघड आहे.

बाबा ते ऐकत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती अक्रोडाएवढी हातोडी काढली, मला जुन्या इस्त्रीवर ठेवलं आणि रिव्हेटवर एक हलकी टिचकी मारली. जन्मभर चष्म्याच्या काड्या ना सैल ना घट्ट करत आलेला हात तो. मी केसभर घट्ट झाले. आईला आता मला उघडताना बोटं थोडी ताणावी लागायची. ते जमू लागलं की बाबा पुन्हा टिचकी मारायचे. आईची पकड घट्ट होत गेली तशी मी घट्ट होत गेले, की उलट, ते मला सांगता येणार नाही.

रोज सुधारणा झाली असं समजू नका. काही दिवस बोटं लाकडासारखी व्हायची. एकदा तर चार दिवस काहीच होईना तेव्हा आईने मला भिंतीवर फेकून मारलं आणि ओढणी तोंडाला लावून रडली. मला लागलं नाही, पण वाईट वाटलं. बाबांनी समजूत काढली नाही, त्यांना ते येतच नाही. ते गाजरं घेऊन तिच्यासमोर बसले आणि इतकी जाड सालं काढू लागले की गाजराची पेन्सिल झाली. आईला बघवेना. रडता रडताच ती म्हणाली, अहो, द्या इकडे. भाजी चिरायच्या पाटाखाली ओलं फडकं घालायला सांगितलं म्हणजे पाट सरकत नाही, गाजर काट्याने पाटावर दाबून धरायला सांगितलं, आणि डाव्या हाताने ओबडधोबड का होईना चिरलं. बाबांनी तांदूळ धुतले. गाजर, मटार, तांदूळ, मीठ, पाणी, सगळं एकाच पातेल्यात. जेवणाचा डबा त्या दिवशी तसाच राहिला. भात खाली थोडा लागला होता, तरी दोघांनी खरवडून खाल्ला. दुसऱ्या दिवशी आईने मला स्वतः उचललं.

त्यानंतर डबा बंद झाला. बाबा शेगडीपाशी उभे, आई खुर्चीवर बसून सूचना देणार, आणि मग हळूहळू उलटं: आई शेगडीपाशी, बाबा मागे हात बांधून. तिने मला पाण्याच्या छोट्या भांड्यावर चालवलं, मग मोठ्या. जमेल तेवढंच, पण रोज.

आणि लेक आली.

तिने पिशवी खाली ठेवायच्या आतच आईने पातेलं चढवलं होतं. तोच एका पातेल्यातला भात, काठोकाठ, तिघांपुरता. तो शिजला. आईने उजव्या हातात मला घेतलं, काठ धरला, डावा हात फडक्यासकट पलीकडून लावला आणि उचललं. पातेलं शेगडीवरून बोटभर वर आलं. मी जीव खाऊन धरलं होतं. रिव्हेट पक्की होती, जबडे पक्के होते, पण वर मुठीपाशी आईचं मनगट थरथरत होतं आणि ती थरथर मला शेंड्यापर्यंत जाणवत होती. लेक पुढे झाली. बाबांनी तिची बाही धरली.

आईने पातेलं परत शेगडीवर टेकवलं.

मला वाटलं, संपलं. आता सामान बांधायचं आणि मी पुन्हा वरच्या खिळ्यावर, नाहीतर भंगारात. आईने मात्र गॅस बंद केला, कपाळावरचा घाम पुसला, डाव्या हाताने तिन्ही थाळ्या शेगडीला लागून मांडल्या आणि मोठ्या चमच्याने पातेल्यातला भात वाढून घेतला. पातेलं निम्मं झालं. मग पुन्हा मला घेतलं. या वेळी ते उचललं, वळवलं, ओट्यावरच्या लाकडी पाटावर ठेवलं. शेवटी मला सोडायची वेळ आली. बोटं एकेक करून उघडली. सगळ्यात शेवटी अंगठा.

"मी भरलेलं म्हणाले होते," लेक हळूच म्हणाली.

"तुला गरम जेवायला हवंय की कसरत बघायचीय?" आईने विचारलं. "जड वाटलं तर हलकं करून उचलायचं. इतकी वर्षं हेच करतेय मी."

लेक जेवायला बसली. मीठ कमी आहे म्हणाली, दुसऱ्यांदा वाढून घेतलं, आणि डोळे पुसत भात इतका गरम का ठेवलाय म्हणून कुरकुरली. भात तोवर कोमट झाला होता. ते सगळ्यांना माहीत होतं.

जेवण झाल्यावर तिने बाबांकडे हातोडी मागितली. त्यांनी तीच, अक्रोडाएवढी दिली. लेक हसली, पण घेतली. मग आईला ओट्यापाशी उभं करून म्हणाली, उजवा हात वर कर, सहज जाईल तेवढाच. आईने केला. तो फार वर गेला नाही, छातीच्या थोडा वर. जिथे तिची बोटं भिंतीला टेकली, तिथे लेकीने पेन्सिलीने खूण केली आणि त्या खेळण्यातल्या हातोडीने ठोकठोक करत नवा खिळा बसवला. बराच वेळ लागला. मग मला घेतलं, बाबांच्या कानापाशी एकदा उघडून मिटवलं, आणि त्या खिळ्याला अडकवलं. वरच्या फळीवर उरलेल्या सुऱ्याही खाली आल्या. सामान बांधायचा विषय निघाला नाही.

आता मी इथेच असते. आईचा हात पूर्वीसारखा झालेला नाही, होईल असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. मोठं पातेलं अजूनही निम्मं करूनच उतरतं. लालवाली खणात असते. बाबा तिच्या मदतीने बाटल्यांची झाकणं उघडतात. माझ्या रिव्हेटला मात्र कुणी तेल लावू नका, मी हवी तेवढीच घट्ट आहे. आणि तुमच्या घरी कुणाचा हात थकला असेल, तर काळजीपोटी त्याच्या वस्तू वरच्या खिळ्याला टांगू नका. आधी त्याला हात वर करायला सांगा, आणि तो जिथवर पोचेल, तिथे खिळा ठोका.

पुरे झालं बोलणं. शेगडीवर दूध वर येतंय, आणि तो हात माझ्याकडे निघालाय. हळू येतोय, पण येतोय.