पाणी पोचायला हवं

सोमवार होता, म्हणजे नुहादचा रोजा. सोमवार आणि गुरुवार ती सहसा चुकवत नसे. त्या दिवशी चहाची किटली तिच्या टेबलापाशी न थांबता पुढे जायची. पण आज तिच्या तोंडाला कोरड पडली होती ती काळजीने.

डॉक्टर वासिफ सूक्ष्मदर्शकावरून मान वर न करता म्हणाले, "नुहाद, ही स्लाइड आहे का समोरच्या जरिझिम डोंगरावरचं आभाळ? इथे ढग, तिथे ऊन!"

"परत करून देते, डॉक्टर."

"परत परत किती करशील? ठोकळ्यात उरलंय काय आता? उद्या सकाळी त्या पोरीची छाती काढायची की ठेवायची, हे मला आज सांगायचंय. असल्या ठिगळांवरून काय सांगू? माझं डोकं?"

ती पोरगी म्हणजे हनान, नवऱ्यामुलींचे कपडे शिवणारी. सकाळी जिन्यात तिने नुहादची बाही धरली होती. "माझं जरा नीट बघा हं, ताई." एवढंच बोलली आणि उगाचच हसली. तिच्या गाठीतून काढलेला तांदळाएवढा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवलेला होता. त्याचे पातळ पातळ काप स्लाइडवर घेऊन रंगवायचे, की पेशी बोलू लागतात. पण बरेच काप वाया गेले होते. आता फार तर एका स्लाइडपुरता ऐवज उरला होता.

नुहादने करायचं ते सगळं करून पाहिलं होतं. रंग नवा घेतला, गाळून घेतला. मेण उतरवायचं झायलीन बदललं, अल्कोहोल बदललं. तरी पहिले पाढे पंचावन्न! एका कोपऱ्यात पेशी निळ्याशार, शेजारी पार फिकुटलेल्या, आणि मध्येच रंगाचं डबकं.

"बस गं जरा," उम्म जरीर म्हणाली. प्रयोगशाळेतली भांडी धुणं आणि नव्या स्लाइड पुसून लख्ख करणं तिच्याकडे होतं. नुहाद तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायची. थोरला मुलगा जरीर कतारला गेला, धाकटी सासरी गेली, तेव्हापासून तिची सगळी माया याच खोलीत सांडत होती. "हात बघ कसे झालेत! दे इकडे."

"खाला, आत्ता नको, काम—"

"गप. मला शिकवू नकोस." खिशातून डबी निघालीच. यंदाच्या थंडीत तिने घरच्या जैतुनाच्या तेलात मधमाशांचं मेण वितळवून मलम केलं होतं, आणि दिसेल त्याच्या हाताला ती ते चोपडत होती. "या औषधांनी कातडी खाल्ली तुझी. नवऱ्याला वाटेल, बायको खाणीत दगड फोडायला जाते."

"त्यांना माझा हात कुठे दिसतो? हातातलं ताट दिसतं."

"सगळे मेले सारखेच!" म्हातारी खुसखुसली आणि एकेक बोट चोळत राहिली. नुहादचे डोळे क्षणभर मिटले. आई गेल्यावर असा हात कुणी हातात घेतला नव्हता.

दुपारची अजान झाली. नमाजेआधी हात-तोंड-पाय धुवायला, वजू करायला नुहाद नळापाशी गेली. हातावर पाणी घेतलं, तर ते ठरेना. थेंब थेंब होऊन मनगटावरून ओघळलं, खाली कातडी कोरडीच. तिला आईची आठवण झाली. कणीक मळून आलेल्या लेकींची नखं आई तपासायची. 'चिमूटभर जागेला पाणी लागलं नाही, तर वजू झालाच नाही,' म्हणायची. नुहादने साबण घेतला आणि हात खसाखसा धुऊ लागली.

धुता धुता ती थांबली. ओघळणाऱ्या थेंबांकडे बघत राहिली.

त्या दिवशी नमाजेत मन ठेवायचा तिने फार प्रयत्न केला. अल्लाहने समजून घेतलं असावं.

परत आली तेव्हा उम्म जरीर खिडकीत उन्हाला बसून जुन्या मऊ ओढणीच्या तुकड्याने स्लाइड पुसत होती. मलमाची डबी त्याच तुकड्यात गुंडाळलेली असायची. नुहादने तिच्या पुढ्यातली एक काच उचलली, दुसरी बंद खोक्यातून काढली आणि दोन्हींवर पाण्याचा थेंब सोडला. खोक्यातल्या काचेवर तो पसरला. पुसलेल्या काचेवर मण्यासारखा गोल बसला.

उम्म जरीर बघत होती. तिने आपल्या बोटांकडे पाहिलं, मग त्या मण्याकडे.

"माझं मलम?" आवाज एवढासा झाला.

नुहाद तिच्याजवळ जाऊन बसली. "काचेला तेलाचा हात लागलाय, खाला. काप नीट बसत नाही, कुठे चिकटतो, कुठे उचलला जातो. मग रंग कुठे साचतो, कुठे पोचतच नाही."

"त्या पोरीचे तुकडे मी घालवले."

"अजून एक आहे. आणि मी शेजारीच बसले होते ना? मलासुद्धा वजूच्या नळापर्यंत जावं लागलं."

म्हातारीने डबी खिशात खोल सारली आणि हात धुवायला गेली. बराच वेळ नळ चालू होता.

नुहादने खोक्यातली कोरी काच अल्कोहोलने धुतली, हातमोजे चढवले. 'बिस्मिल्लाह' म्हणत उरलेला काप पाण्यावर तरंगवला आणि अलगद काचेवर उचलून घेतला. सुरकुती नाही. मग वाळवणं, मेण उतरवणं, रंग, धुणं. घाई कशाचीच केली नाही. उम्म जरीर भिंतीला टेकून ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटत होती.

डॉक्टर वासिफ बराच वेळ बघत राहिले. स्लाइड इकडे सरकवली, तिकडे सरकवली. चष्मा काढून पुसला, पुन्हा बघितलं.

"आभाळ निवळलं," ते म्हणाले. "आणि गाठ साधी आहे. नुसती गाठ काढली की झालं. सर्जनला फोन लाव, आणि आधी त्या पोरीला कुणीतरी जाऊन सांगा."

"मी जाते!" उम्म जरीर म्हणाली आणि दुखरे गुडघे विसरून निघालीसुद्धा.

सूर्य डोंगराआड गेला. नुहादने खजूर तोंडात टाकून रोजा सोडला, नमाज झाली. उम्म जरीर दाराशी कोट घालून तयार होती. तोंड भरून हनानचं सांगत होती: पोरगी रडली, मग म्हणाली, तुमच्या नातीच्या लग्नाचा झगा मीच शिवणार. पण आज तिचा हात खिशाकडे जात नव्हता.

नुहादने आपले दोन्ही हात पुढे केले.

"लाव आता. स्लाइडी संपल्या, नमाजही झाली. भेगा फार झोंबतायत गं, खाला."

उम्म जरीरने तिच्याकडे पाहिलं, नाक ओढलं आणि डबी काढली.

"सकाळी साबणाने धुऊन ये," ती दटावत म्हणाली. "नाहीतर स्लाइडीला हात लावू देणार नाही."