भिंतीवरची खालची ओळ

“वरच्यांना शिडी लागती, खालच्यांना वाकाय लागतंय. माझी कंबर काय तालमीची हाय व्हय?”

बनाबाई आक्काच्या कानाशी पुटपुटत होती. तालमीचा वर्धापनदिन. फुटबॉलच्या सामन्याआधी भिंतीवरच्या फोटोंना हार घालायचं काम दरवर्षी या दोघींकडं असायचं. सगळ्यात वर फेटेवाली, पिकल्या मिशांची माणसं. बांधावरून, पाण्याच्या पाळीवरून कुऱ्हाडी चालल्या तेव्हाची. त्याखाली निवडणुकीच्या भांडणातले, चाळिशीचे. आणि अगदी खाली नुकतं मिसरूड फुटलेली पोरं, गॉगल लावून, गाडीला टेकून उभी. भिंत जसजशी खाली आली तसतशी तरुण होत गेली होती. प्रत्येकाखाली मात्र दोनच शब्द: अकाली निधन. जणू सगळी तापानंच गेली.

शेवटचा फोटो आक्काच्या थोरल्याचा, पृथ्वीराजचा. त्याच्या शेजारी एक खिळा रिकामा. तो कुणी ठोकला ठाऊक नाही, पण काढायलाही कुणी धजत नव्हतं. तिकडं नजर गेली, की आक्काला धाकटा ऋतुराज दिसायचा. तो आता थोरल्याच्या वयाचा झाला होता, आणि आज पेठेतल्याच खालच्या तालमीविरुद्ध खेळणार होता. त्यांच्या भिंतीवर चन्नम्माचा पोरगा बसवेश होता, पृथ्वीच्या आदल्या वर्षी गेलेला. तोही अकालीच. आता उट्टं काढायची पाळी कुणाची, हे पेठेत शेंबड्या पोरालाही पाठ होतं.

ऋतुराज घरातून निघाला तेव्हा आक्कानं शपथा घातल्या नव्हत्या. एवढंच म्हणाली होती, “जसं हात घिऊन चाललायस, तसंच घिऊन जेवाय ये.”

सामना संपत आला आणि खालच्या तालमीच्या एका पोरानं ऋतुराजला असा आडवा पाडला, की अख्खं मैदान उठून उभं राहिलं. हलगी थांबली. दोन्हीकडची पोरं कुंपणावर चढली. बनाबाईनं आक्काचा पदर घट्ट धरला, जणू मारामारीला आक्काच निघाली होती.

ऋतुराज उठला. गुडघ्याची माती झाडली. पाडणारा पोरगा जागीच थिजला होता. ऋतुराजनं त्याच्या पाठीवर एक थाप टाकली, चेंडू ठेवला आणि मारला. उभ्या पोरांच्या डोक्यांवरून वळून तो थेट जाळ्यात गेला.

मग जो गलका झाला तो विचारू नका. गुलालानं आभाळ लाल. खालच्या तालमीकडूनही आधी एक टाळी आली, मग कुठली कुणाची ते कळेना. ऋतुराज खांद्यांवर होता आणि त्याचे दोन्ही हात वर, रिकामे, स्वच्छ.

“बना,” आक्का म्हणाली, “उद्या येताना पक्कड आण. त्यो खिळा काढायचा हाय.”

चषक द्यायला आक्कालाच बोलावलं होतं. तालमीचे अध्यक्ष हंबीरराव माइकवर सुरू झाले, की कैलासवासी पृथ्वीराजच्या अकाली निधनानंतर या माऊलीनं...

आक्कानं त्यांच्या हातातला माइक घेतला. समोर, खालच्या तालमीच्या बायकांत, चन्नम्मा मान खाली घालून बसली होती. हलगीवाल्यानं हात आवरला.

“अकाली न्हाय, हंबीरराव. माझ्या पृथ्वीला मारलं.” आक्का थांबली, पदरानं तोंड पुसलं. “आणि चन्नम्मा, वर बघ बाई. तुझ्या बसवेशला आमच्या पोरांनी मारलं. त्यात माझा पृथ्वी हुता.”