नवापूरची चौकटवाली

मित्रांनो, तुम्ही मला शेकडो वेळा पाहिलं आहे आणि एकदाही माझी विचारपूस केलेली नाही. मी एक जुनी रिकामी चौकट आहे. चार रेघा आणि आत नुसती हवा. फोनवर काही वाचताना मध्येच एक पोकळ डबी दिसते आणि तुम्ही कपाळाला आठी घालून पुढे सरकता, ती मी.

माझं काम तुम्हाला समजावून सांगते. ब्राउझर नावाचा एक कष्टाळू गृहस्थ तुम्हाला इंटरनेटवरची पानं दाखवतो. पण त्याच्या हाती अक्षरं येत नाहीत, नुसते आकडे येतात. जगातल्या प्रत्येक अक्षराला आणि चित्राला एकेक आकडा दिलेला आहे. तो आकडा घेऊन ब्राउझर फॉन्टच्या दारात उभा राहतो आणि विचारतो, ‘याचं रूप आहे का तुमच्याकडे?’ पहिल्याने मान हलवली की दुसऱ्याकडे, मग तिसऱ्याकडे. सगळी आळी फिरूनही रिकाम्या हाताने परतला की मला हाक मारतो, ‘ये गं, जरा उभी राहा इथं.’ मी उभी राहते. या जागी कोणीतरी आलेलं आहे, पण या घरात त्याला कोणी ओळखत नाही, एवढंच मी सांगते.

माझे नातेवाईक मात्र तऱ्हेवाईक. एका चुलत बहिणीच्या पोटात बारीक आकडे असतात आणि त्याचा तिला फार तोरा. एक ठिपक्यांचं कडं आहे, ते आधार सुटलेल्या वेलांट्या-उकार कडेवर घेऊन हिंडतं. कपाळावर प्रश्नचिन्ह असलेला एक काळा शंकरपाळाही आमच्यातलाच. मजकूर वाटेत मोडला की तो हजर.

माझे वैभवाचे दिवस गेले बोईसरला. स्टेशनजवळ कैलासचं इंटरनेटचं दुकान होतं. कारखान्यात पाळी करून आला की तो तिथे बसायचा. तेव्हा संगणकांना मराठी ठाऊक नव्हतं. मराठी पान उघडलं की वरपासून खालपर्यंत मीच. लोक पडद्याला टपल्या मारायचे. एकदा तर इतक्या चौकटी आल्या की पडद्यात मावेनात. उरलेल्या मागच्या जाळीतून खाली सांडल्या आणि शेजारच्या फरशीवाल्याने त्या गोळा करून स्वतःच्या ओट्यावर बसवल्या. ओटा अजून आहे म्हणतात. खोटं वाटत असेल तर जाऊन बघा, मी काही अडवत नाही.

पुढे कैलासने मराठी फॉन्ट आणून घातले आणि माझं राज्य एका दुपारी बुडालं. लोक खूश झाले. मीही झाले, पण आतून जरा रितं वाटलं. रिती तर मी होतेच, पण त्या दिवशी ते जाणवलं. मग बरीच वर्षं मी बसून काढली. कधी एखादं जुनं संस्कृत चिन्ह आलं तर तेवढ्यापुरती उठायची. पुढे इमोजी म्हणतात ती छोटी रंगीत चित्रं आली आणि मला पुन्हा काम मिळालं. दरसाल नवी चित्रं निघतात. नव्या फोनला ती कळतात, जुन्या फोनला कळत नाहीत. मग तिथे मी.

असंच एक काम मला बोईसरजवळच्या, समुद्रकाठच्या नवापूरच्या जमनाबाईंच्या दारी घेऊन गेलं.

जमनाबाई सुकी मासळी विकायच्या. बोंबील बांबूच्या काठ्यांवर वाळवायचे, जवळा स्वच्छ धुऊन जाळ्यावर पसरायचा, वाळूला शिवू द्यायचा नाही. बोईसरच्या बाजारात त्यांची ठरलेली जागा होती. पण गुडघ्यांनी दगा दिला आणि टोपली उचलणं सुटलं. गिऱ्हाइकं पांगली. नवरा रामू म्हणाला, “आता व्यापाऱ्याला दे सगला माल. टेम्पो दारात येतो. बस आरामात.”

“तो सांगंल तो भाव नि मी मुंडी हालवू?” जमनाबाई म्हणाल्या. “आगोट सरंपरयंत थांबा. माजा माल मी इकला नाय, तर पुढल्या साली काठ्यासुद्धा त्यालाच देऊन टाका.”

आगोट म्हणजे पावसाळ्यासाठी घर भरून ठेवायचे दिवस. तेवढाच वेळ त्यांच्या हाती होता.

त्यांची लेक रिद्धी बोईसरला एका कारखान्याच्या कचेरीत कामाला. घरगुती वस्तू विकणाऱ्यांसाठी तिथल्या कुणीतरी इंटरनेटवर एक पान चालवलं होतं. त्यावर तिने आईचं नाव घातलं. पण तिथे नवापूरच्या सुक्या मासळीवाल्या पोत्याने आणि त्यात जमनाही चार-पाच. आई उठून दिसावी म्हणून तिने नावाआधी एक नवंकोरं चित्र लावलं. तिच्या फोनवर ते झोकात दिसत होतं. बोईसरच्या कामगार वसाहतीतले बहुतेक फोन मात्र जुने. तिथे जमनाबाईंच्या नावाआधी मी जाऊन उभी राहिले.

वसाहतीत बीडकडची वर्षाराणी राहायची. तिला वाटलं, ही खूण करायची जागा असेल. मला दाबून दाबून तिचं बोट दुखलं. शेवटी तिने फोन लावला आणि सुकट, म्हणजे तो वाळवलेला जवळा, मागवली. ती तिच्या सासूच्या, गोजराबाईंच्या पसंतीस उतरली. मग काय, जिन्यात, नळावर, भाजीच्या गाडीपाशी एकच बोलणं.

“जमना तर लई हायेत, त्यातली कोणती?” शेजारीण विचारायची.

“ती रिकामी चौकटवाली,” गोजराबाई सांगायच्या. “तिच्या सुकटीत वाळूचा कण घावला तर मला म्हण.”

नवापुरात फोन वाजू लागले. “चौकटवाल्या मावशी का?” असं कोणी विचारलं की जमनाबाई बुचकळ्यात पडायच्या आणि “हो, मीच ती,” म्हणून माल काढून ठेवायच्या. रिद्धी कामावर जाता-येता घरोघर पोचवायची.

एकदा वर्षाराणीच्या दारात तिने तो जुना फोन पाहिला. आईच्या नावाआधी रिकामी डबी. पोरगी शरमली. लोकांना इतके दिवस आपली चूक दिसत होती, या विचाराने तिने घरी जाऊन चित्र पुसून टाकलं. माझीही तिथून उचलबांगडी झाली. मला सवय आहे हो. पण त्या दारात माझा जीव रमला होता.

दुसऱ्या दिवसापासून फोन थंडावला. लोक पान उघडत, चौकट शोधत, ती सापडली नाही की भलत्याच जमनाला फोन लावत. इकडे बोंबील घरात पडून, आगोट सरत आलेली. रामूने व्यापाऱ्याला निरोप धाडला.

तेवढ्यात वर्षाराणीचा फोन आला. तिने जुना नंबर शोधून काढला होता.

“मावशी, दुकान बंद केलं का? दुसरीकडून सुकट घेतली तर सासूबाईंनी तोंडात वाळू आली म्हणून माझाच उद्धार केला. तुमची चौकट कुठं गेली?”

जमनाबाईंनी लेकीकडे पाहिलं. “कंची चौकट गो?”

रिद्धीने सगळं सांगितलं. “आये, ती चूक होती. फोनला चित्र कललं नाय का तसा डबा येतो.”

“लोकांना कलली ना ती? मंग झालं. लाव परत.”

“चूक परत लावू?”

“माज्या नावाच्या चार जणी हायत. चौकटवाली मी एकटीच हाय. लाव.”

रिद्धी हसली, पण या खेपेला तिने अक्कल चालवली. जुने फोन बदलले की चित्र दिसू लागेल आणि चौकट पुन्हा जाईल, म्हणून तिने चौकटीचंच खरंखुरं चिन्ह शोधलं. हो मित्रांनो, तसं एक आहे, स्वतःचा आकडा असलेलं. मला धसका बसला. सगळ्या जन्मात मी दुसऱ्यांच्या जागा राखल्या आणि आता माझीच जागा दुसरी घेणार. पण झालं भलतंच. बहुतेक फोनना ते चिन्ह ठाऊक होतं, त्यांनी चौकट काढली. काहींना ते ठाऊक नव्हतं. तिथे ब्राउझरने सवयीने मला हाक मारली आणि मी उभी राहिले. दिसली ती चौकटच. हे चिन्ह ओळखलं तरी तेच आणि नाही ओळखलं तरी तेच.

व्यापाऱ्याचा टेम्पो आला तेव्हा ओटीवर पिशव्या बांधून तयार होत्या. हमालाने एकीला हात घातला.

“ठेव ती,” जमनाबाई म्हणाल्या. “ती गोजराबाईची हाय.”

“आणि ही?”

“ती तिच्या शेजारणीची.”

टेम्पो वळवायला जागा नव्हती, म्हणून रामूने स्वतःच पुढे होऊन सायकल बाजूला घेतली आणि हाताने दाखवत टेम्पो मागे घालवला.

मित्रांनो, वाचता वाचता मी आडवी आले तर पडद्याला टपली मारू नका आणि मला पुसूही नका. कुणीतरी तुम्हाला काहीतरी पाठवलेलं असतं आणि ते तुमच्या दारापर्यंत आलेलं असतं. ज्याने पाठवलं त्याला फोन लावा आणि विचारा, ‘इथे काय होतं रे?’ तो सांगेपर्यंत जागा राखायला मी आहेच.